पाणी जातं कुठे?

जुनी गाडी बघायला गेल्यावर मालकाने बोनेट उघडलं आणि आत सगळं चकाचक दिसलं, की बरोबर आलेली मंडळी खूश होतात. मला तिथेच शंका यायला लागते. दहा वर्षं कराडच्या धुळीत फिरलेल्या इंजिनावर धूळ असायलाच हवी. कुठून काय गळतंय त्याचे ओघळ त्या धुळीवरच तर दिसतात. धुवून दिलेल्या इंजिनावर काहीच दिसत नाही, आणि बऱ्याचदा ते त्याचसाठी धुतलेलं असतं.

मी घेतलेली गाडी २०१४ची, बाराशे सीसी, पेट्रोल. बोनेटखाली सगळं धुतलेलं, आणि त्यात एकच वस्तू कोरी करकरीत, ती म्हणजे रेडिएटरचं झाकण. बाकी सगळं दहा वर्षांचं आणि झाकण तेवढं नवं. शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायचं तयार द्रावण, नव्हतंच, गंजट रंगाचं साधं पाणी होतं. विचारलं, तर मालक म्हणाले, “टाकावं लागतं की मॅडम अधनंमधनं थोडं पाणी. जुनी गाडी हाय.”

आता, इंजिन गार ठेवणारी ही पाण्याची यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यात अधूनमधून पाणी टाकायचा प्रश्नच येऊ नये. टाकावं लागतंय म्हणजे ते कुठेतरी जातंय. मी तसं बोलून दाखवलं, त्यावर किमतीतले पंधरा हजार कमी करून घेतले आणि गाडी घेतली. गिअर लोण्यासारखे पडत होते, खालचा पत्रा कुठे गंजलेला नव्हता. शिवाय मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. उष्णतेचा अख्खा धडा बोनेटखाली बसून आलाय म्हटल्यावर मला ते ओझं वाटलं नाही.

पहिलं काम फुकटातलं. बाटलीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्तच्या खुणा असतात, पण प्लॅस्टिक पिवळं पडलं की त्या दिसत नाहीत. म्हणून इन्सुलेशन टेपची पांढरी पट्टी उभी चिकटवली, पेनाने रेघा मारल्या आणि रोज सकाळी गाडी काढायच्या आधी पातळी वहीत लिहायला लागले. सकाळीच लिहायची, कारण तापलेलं पाणी फुगून रेडिएटरमधून बाटलीत येतं. संध्याकाळी घरी येऊन बघणाऱ्याला बाटली कायम भरलेलीच दिसणार.

दुसरं, तापमान. या गाडीला टेम्परेचरचा काटाच नाही. थंड इंजिनाला निळा दिवा, तापलेल्याला लाल, मधलं काही नाही. आणि लाल लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. काटा असलेल्या गाडीवाल्यांनीही फार हुरळून जाऊ नये. बऱ्याच गाड्यांचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, पाऊणशेपासून शंभरीपर्यंत तो मधोमधच बसून राहतो. त्यात पाणी इतकं कमी झालं की सेन्सर कोरडा पडला, तर काटा खाली येतो आणि चालकाला वाटतं, चला, निवली गाडी. मी स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायची जागा) लावायचा छोटा ब्लूटूथ अडॅप्टर घेतला. पाच-सातशे रुपयांत मिळतो आणि इंजिनाचा स्वतःचा सेन्सर काय म्हणतोय ते मोबाइलवर अंशांत दाखवतो. या सगळ्या प्रकरणात माझा सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च तो.

वहीत जे जमलं ते एकमेकांशी अजिबात जुळेना. हायवेला, सकाळच्या गारव्यात, पाचव्या गिअरमध्ये इंजिन ७० अंशांवर. हे जरा विचित्रच, कारण तिथे ते ८५ ते ९०च्या दरम्यान हवं. कोल्हापूर नाक्याच्या गर्दीत एसी लावून उभं राहिलं, की १००, १०३, १०५. कधी फॅनचा आवाज यायचा आणि आकडा उतरायचा, कधी फॅन मुळीच लागायचा नाही. आणि चिपळूणहून येताना कुंभार्ली घाटात फॅन चालू असूनही आकडा १०८च्या वर. बाटलीतलं पाणी मात्र गावातल्या फिरण्याने फारसं हलायचं नाही, घाट झाला की बोटभर उतरायचं. पार्किंगच्या फरशीवर थेंब नाही.

एवढ्यात सल्ले सुरू झाले होते. समोरचे काका म्हणाले, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरमध्ये जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून फेकून दे, आपल्या हवेत त्याचं काय काम! दीर म्हणाले, वहिनी, हेड (इंजिनाचा वरचा भाग) गेलंय. ट्रक चालवलेल्या एका नातेवाइकांनी रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकायला सांगितलं. हा जुना रस्त्यावरचा इलाज आहे, बारीक भोकात हळद जाऊन बसते आणि गळती तात्पुरती थांबते. रात्री बारा वाजता घाटात अडकलेल्या ड्रायव्हरने तो जरूर करावा. घरी बसलेल्या माणसाने नाही. आणि ज्या गॅरेजात मी पहिल्यांदा गाडी नेली, तिथल्या माणसाने बोनेट न उघडता सांगितलं, “हेड गॅस्केट उडालं आसंल. खोलून बघू.”

गाडीच्या धंद्यात ‘खोलून बघू’इतके महाग दोन शब्द नाहीत. हेड उतरवायचं, घासायला टर्नरकडे पाठवायचं, हेड आणि इंजिन यांच्या जोडातलं सील म्हणजे गॅस्केट, ते नवीन, नवे बोल्ट, तेल, मजुरी. वीस हजारांच्या पुढेच जातं, आणि गळती दुसरीकडे असेल तर गाडी तशीच तापत परत दारात. मी गाडी घेऊन आमच्या नेहमीच्या भाऊंकडे आले. भाऊंचा एक गुण मला फार आवडतो. त्यांना माहीत नसलं तर ते “माहीत न्हाय” म्हणतात.

घाटातच का तापते, हे मी त्यांना त्यांच्याच पाना ठेवायच्या बाकावर खडूने लिहून दाखवलं. चिपळूण जवळपास समुद्रसपाटीला. घाट चढून माथ्यावरच्या हेळवाकला आलं की साधारण सहाशे मीटर वर आलो. (याच उताराचा फायदा घेऊन कोयनेचं पाणी पोफळीकडे सोडून वीज काढतात. आपण ती चढण पेट्रोल जाळून उलटी चढतो.) गाडी आणि आतली माणसं मिळून तेराशे किलो धरा. एवढं वजन सहाशे मीटर उचलायला जवळपास ७८ लाख ज्यूल लागतात. पेट्रोल इंजिन इंधनातली पाव एक उष्णता चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे निव्वळ चढणीसाठी लिटरभर पेट्रोल जास्तीचं जळतं, आणि त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग कूलंटच्या गळ्यात पडतो. कोटभर ज्यूल. तेवढ्या उष्णतेत चार लिटरच्या आसपास उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ होते, आणि माझ्या गाडीत एकूण पाणी मावतं तेही चार लिटरच्या आसपास. ही उष्णता रेडिएटरने हवेला देऊन टाकायची, तीही दुसऱ्या गिअरमध्ये, समोरून वारा नसताना. सपाट रस्त्यावर झाकून राहिलेली प्रत्येक कमजोरी घाटात उघडी पडते.

भाऊ म्हणाले, “ते सगळं ठीक हाय मॅडम, पण पाणी जातंय कुठं?”

बरोबर होतं त्यांचं. पण त्याआधी मला हेडचा प्रश्न मिटवायचा होता, कारण तो सगळ्यात महाग. हेड गॅस्केट गेलं असेल तर सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरतो. मग थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच, पाणी तापायच्याही आधी, वरचा होज पाइप दगडासारखा कडक होतो. झाकण उघडं ठेवून थंड गाडी चालू केली तर पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहतात. सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबता थांबत नाही. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला की लोक घाबरतात, पण पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्याकडे तो नुसत्या दमटपणानेही येतो. त्या एका खुणेवर हेड उतरवू नये.

माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. तरी खात्रीसाठी एक साधी रासायनिक परीक्षा असते. काचेच्या नळीत निळा द्रव, ती नळी रेडिएटरच्या तोंडावर धरायची आणि रबरी फुग्याने आतली हवा त्यातून ओढायची. जळका वायू असेल तर निळ्याचा पिवळा होतो. आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडम ब्रोमोथायमॉल ब्ल्यूमध्ये स्ट्रॉने फुंकून मुलांना दाखवतात तोच हा प्रकार, श्वासातला कार्बन डायऑक्साइड रंग बदलतो. मी ते किट ऑनलाइन मागवलं. आमचा द्रव निळा तो निळाच राहिला. दिरांना फोटो पाठवला.

मग प्रेशर टेस्टर. इथे थोडं थांबते, कारण सगळ्याचं मूळ इथे आहे.

लोकांना वाटतं, गळती म्हणजे थोडं पाणी कमी होणं, ते भरलं की झालं. पण ही यंत्रणा कुकरच्या तत्त्वावर चालते. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, म्हणजे हवेच्या दाबापेक्षा तेवढा बार जास्त दाब झाल्याशिवाय झाकणातला व्हॉल्व्ह सोडत नाही. ०.९ बारला साधं पाणी ११८-११९ अंशांना उकळतं, आणि अर्धं कूलंट असेल तर सव्वाशेच्या पुढे. आता कुठेतरी सुईच्या टोकाएवढी फट पडली. थेंब गेले, ते सोडा. दाब धरलाच जात नाही. मग तेच साधं पाणी, घाटमाथ्याच्या उंचीवर, ९८ अंशांना उकळायला तयार. हेडच्या आत, सगळ्यात तापलेल्या जागी वाफेचे फुगे धरतात. वाफ पाण्यासारखी उष्णता उचलत नाही, तो भाग अजून तापतो, अजून वाफ होते. नव्वदवर असलेली गाडी बघता बघता लाल दिव्यावर कशी गेली, असं जे लोक सांगतात, त्याच्यामागे बहुतेक हे असतं. आणि अशा वेळी कोणी झाकण उघडलं, की उरलेला दाबही एकदम जातो आणि आतलं सगळं पाणी एकाच क्षणी उकळून तोंडावर येतं. गाडी बंद करून अर्धा-पाऊण तास सावलीत बसावं, चहा प्यावा. झाकणाला हात लावू नये, फडकं धरूनसुद्धा नाही.

टेस्टर म्हणजे हातपंप आणि त्याला दाबाचा काटा, झाकणाच्या जागी बसवायचा. भाऊंनी थंड गाडीत ०.९पर्यंत पंप केला. काटा जागचा हलेना. दहा मिनिटं झाली, तसाच. “लीक न्हाय,” भाऊ म्हणाले. पण वही सांगत होती की पाणी घाटातच जातं, म्हणजे तापल्यावर. म्हणून टेस्टर तसाच ठेवून गाडी चालू केली. पाणी तापून फुगलं तसा काटा आपोआप चढू लागला, ०.९च्या वर जाईल तसा भाऊ जास्तीचा दाब सोडत राहिले. थर्मोस्टॅटचा गोंधळ होताच (त्यावर येते), त्यामुळे गाडी तापायलाच वेळ लागला. रेडिएटरसमोर पुठ्ठा लावला. नव्वदीला पोचल्यावर काटा हळूहळू मागे यायला लागला.

टॉर्च घेऊन खाली वाकले तर उजव्या बाजूला, फॅनच्या जाळीच्या मागे, एक थेंब फुगायचा, गरम पत्र्यावर पडायचा आणि चुर्रकन नाहीसा व्हायचा. जमिनीपर्यंत पोचायचाच नाही. आताच्या रेडिएटरची जाळी अॅल्युमिनियमची आणि कडेच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, मध्ये रबराची पट्टी आणि पत्र्याचे दात मुरडून केलेला जोड. प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियम तापल्यावर वेगवेगळ्या मापाने फुगतात, आणि दहा वर्षांनी कडक झालेलं रबर ते सांभाळू शकत नाही. थंड असताना फट बंद, तापल्यावर उघडी. त्या जागी एक पांढुरकी रेघ होती, आणि तिच्यावरून कोणीतरी एम-सीलचा लपेटा मारून ठेवलेला. इंजिन धुतलं होतं, जाळीच्या मागे पाइप पोचला नव्हता.

रेडिएटर उतरवून बादलीत उपडा केला तर पिवळट-तपकिरी गाळ पडला. भाऊंनी बोटावर घेऊन हुंगला. “हळद हाय ही, आन् बोअरचं पाणी.” आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. बादलीच्या कडेला, गिझरच्या कॉइलवर जो क्षार चढतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत चढतो. गळती बंद करायला टाकलेल्या हळदीने फट बुजली नाही, नळ्या मात्र बुजल्या. हे आधीच दिसलं होतं म्हणा. प्रयोगशाळेतलं इन्फ्रारेड थर्मामीटर आणून मी रेडिएटरवर वरून खाली आकडे घेतले होते, तेव्हा खालचा कोपरा बाकीच्यापेक्षा वीसेक अंशांनी गार होता. गार म्हणजे तिथे पाणी फिरतच नाही. (कोविडच्या काळात कॉलेजच्या गेटवर कपाळाला लावायचे ते थर्मामीटर याला चालत नाही, ४२-४३च्या पुढे ते नुसतं ‘हाय’ दाखवतं. आणि चकचकीत धातूवर चांगलं यंत्रही चुकीचं सांगतं, तिथे काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजायचं.) प्लॅस्टिक टाकीच्या जुन्या रेडिएटरला डाग देत बसण्यात अर्थ नाही. नवा बसवला, होज पाइप आणि क्लिपाही बदलल्या.

इथे बरेच लोक थांबतात. गळती सापडली, खेळ खलास. पण नाक्यावर उभ्या गाडीचं तापणं गळतीने समजत नव्हतं, कारण तिथे पाणी कमी होत नव्हतं. उभी असताना तापते आणि पळताना निवते, म्हणजे वारा कमी पडतोय, म्हणजे फॅन. एसी लावला की या गाडीत फॅन लागायला हवा. लागला नाही. फॅनची आणि हॉर्नची रिले (वीज जोडणारा छोटा स्विच) एकसारखी होती, ती अदलाबदल केली, हॉर्न वाजला, म्हणजे रिले चांगली. बॅटरीवरून थेट वायर दिली, तरी फॅन गप्प. भाऊंनी पान्याच्या दांड्याने मोटारीला हलकेच टकटक केलं, आणि फॅन सुरू. “कार्बन गेलेत.” मोटारीत वीज पोचवणारे हे कार्बनचे ठोकळे झिजले की कधी टेकतात, कधी नाही, हादरा बसला की टेकतात. खड्ड्यातून आल्यावर फॅन चालायचा, गुळगुळीत रस्त्यावरून येऊन थांबलं की नाही, हे वहीत होतं, फक्त मला तोवर कळलं नव्हतं की ते वाचायचं कसं. मोटार बदलली.

आता हायवेवरचे ७० अंश. थर्मोस्टॅटची डबी उघडली तर आत काही नाही, नुसतं कवच. समोरच्या काकांसारखा कोणीतरी सल्लागार आधीच्या मालकालाही भेटलेला. थर्मोस्टॅट नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन कधी नीट तापतच नाही, कॉम्प्युटरला वाटतं अजून थंड आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. मायलेज पडतं, झीज वाढते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बुजलेला रेडिएटर सपाट रस्त्यावर लपून राहतो. नवा आणला, ८२ अंशांचा, आणि बसवायच्या आधी घरी दुधाच्या पातेल्यात दोऱ्याने टांगून गॅसवर ठेवला, शेजारी प्रयोगशाळेतलं थर्मामीटर. ८२-८३ला तोंड उघडायला लागलं, ९५च्या सुमाराला पूर्ण उघडलं. सासूबाईंनी ते पातेलं दुधासाठी परत वापरू दिलं नाही.

भरताना अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. हिरवं-गुलाबी रंगावर जाऊ नका, रंग कंपनी हवा तो टाकते. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार घ्यायचा आणि दोन प्रकार मिसळायचे नाहीत. गाडीचं नाक रॅम्पवर वर करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून चालू करायची, म्हणजे आत अडकलेली हवा बाहेर येते. थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरायचं. जुनं निघालेलं गटारात किंवा रस्त्यावर ओतायचं नाही. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारीही. गॅरेजच्या दारातली कुत्री ते चाटतात.

रेडिएटर, फॅनची मोटार, थर्मोस्टॅट, पाइप आणि मजुरी मिळून कमी करून घेतलेल्या पंधरा हजारांतच भागलं. हायवेला ८८, नाक्यावर एसी बंद असला तर ९६ला फॅन लागतो आणि ९१ला बंद होतो, कुंभार्लीत मे महिन्यातल्या दुपारी, मागे तीन माणसं आणि आंब्याच्या पेट्या असताना ९७.

एकच गोष्ट उरली होती. डाव्या सीटखालचा गालिचा ओला. गाडीच्या आतल्या हीटरची छोटी जाळी फुटली तर कूलंट बरोबर तिथेच येतं, आणि डॅशबोर्ड उतरवायचा म्हणजे दोन दिवसांचं काम. भाऊंचा चेहराच पडला. मी टिपकागद दाबून बघितला. चिकट नाही, गोड वास नाही, रंग नाही, समोरच्या काचेवर तेलकट धूसरपणाही नाही. साधं पाणी. गाडीखाली एसीचं पाणी जायची नळी असते, तिच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. भाऊंनी तारेने टोचलं, आणि ग्लासभर गार पाणी त्यांच्या बाहीत शिरलं. त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.